माळ न मोडता मिळालेली वीज : जुळे सोलापुरातील घराच्या गच्चीवरील सौर संचाचा एका वर्षाचा अनुभव

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या गच्चीवर गेल्या वर्षी जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, तीन किलोवॅटच्या सौर संचाचा सांगाडा उभा राहिला. नेट मीटर (घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली, अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर) लागून प्रत्यक्ष वीज सुरू झाली ती फेब्रुवारीच्या अखेरीस. मार्च ते फेब्रुवारी असे पूर्ण वर्षाचे आकडे आता हाताशी आहेत, एक उन्हाळा आणि एक पावसाळा संचाने काढला आहे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. संच बसवणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. ती शहरातील एक लहान संस्था आहे, आणि वाचकाने नाव पाहून निर्णय घेण्यापेक्षा कामाची पद्धत पारखून घ्यावा, असे मला वाटते.

संच घेताना माझ्यासमोर दोन प्रश्न होते. वीजबिल किती उतरेल, हा पहिला. दुसरा प्रश्न संस्थेच्या माणसांना सुरुवातीला थोडा चमत्कारिक वाटला, पण तो माझ्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा होता : ही वीज तयार होताना कोणत्या जिवाची जागा जाते? मी तीस वर्षे भूगोल शिकवला. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, १९८० च्या दशकात, मुलांना घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेले असताना पाऊस नुकताच पडून गेला होता आणि कुसळी गवत घोट्यापर्यंत वाढले होते. दूरवर एक माळढोक नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उलटी टाकून उभा होता. मादीला बोलावण्यासाठी तो जो खोल, घुमणारा आवाज काढतो, त्यावरूनच त्याला ‘हूम’ हे नाव पडले आहे. त्या दिवशी चाळीस मुले अर्धा तास शब्द न बोलता बसली होती. शिक्षिका म्हणून माझ्या वाट्याला आलेला तो सर्वांत चांगला तास.

सोलापूरचेच एक शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात या पक्ष्याकडे अभ्यासकांचे आणि शासनाचे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. आज तिथे काळवीट आहेत, लांडगा आहे, खोकड आहे, धाविक आणि चंडोल आहेत. माळढोकाचे दर्शन मात्र इतके दुर्मीळ झाले आहे की एखादी मादी दिसली तरी त्याची बातमी होते. संपूर्ण देशात मोकळ्या निसर्गात हा पक्षी दीडशेहून कमी उरला आहे आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या जैसलमेर भागात आहेत. तिथे त्यांच्यासमोरचे एक मोठे संकट म्हणजे वीजवाहिन्या, आणि त्यांतील अनेक वाहिन्या सौर व पवन प्रकल्पांतील वीज वाहून नेणाऱ्या आहेत. सौर संचाच्या अभिप्रायात माळढोक का आला, याचे उत्तर इथे आहे.

आता कामाकडे वळते. मी तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्या ठिकाणाहून आलेल्या माणसाने गच्चीवर पाच मिनिटे उभे राहून सांगितले, की नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातील कडुलिंब काढून टाकला तर वर्षाला दीड-दोनशे युनिटे वाढतील. ते झाड सासऱ्यांनी लावलेले, चाळीस वर्षांचे आहे. त्यावर तांबट ठोकत असतो, बुलबुल घरटे करतात, आणि उन्हाळा संपताना निंबोळ्या पिकल्या की रात्री वटवाघळे येतात. पर्यावरणासाठी सौर वीज घ्यायची आणि त्यासाठी चाळीस वर्षांचे झाड तोडायचे, हा हिशेब मला पटण्यासारखा नव्हता. दुसऱ्या ठिकाणी झाडाचा विषयच निघाला नाही, कारण ते पाहायलाच आले नाहीत. फोनवर दर सांगून मोकळे झाले.

तिसऱ्या, म्हणजे मी निवडलेल्या संस्थेने जो मुलगा पाठवला, तो माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने सकाळी दहा, दुपारी एक आणि चार अशा तीन वेळा येऊन सावली कुठपर्यंत येते, हे खडूने आखून पाहिले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलल्यावर ती किती लांबेल, याचा अंदाज बांधला आणि मग म्हणाला, “बाई, झाड राहू द्या की. पॅनेल पूर्वेकडच्या अर्ध्यात घेऊ, सांगाडा आठ फूट उंच करू. थोडी युनिटं जातील, पण खाली कपडे वाळत घालायलाही जागा राहते.” मी त्याच दिवशी आगाऊ रक्कम दिली. सौर संच घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन : जो माणूस तुमच्या गच्चीवर तीन वेळा यायला तयार नाही, त्याच्याकडे पंचवीस वर्षे टिकायची वस्तू मागू नका.

खर्चाचे थोडक्यात सांगते. सहा पॅनेल, प्रत्येकी ५४० वॅटचे, तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर, जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा, तीन अर्थिंग आणि वीजरोधक मिळून २,०५,००० रुपये झाले. प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. ते थेट बँक खात्यात जमा झाले. या अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सौर घटांचेच (सेलचेच) असावे लागते, त्यामुळे बाजारात दिसणाऱ्या स्वस्त पॅनेलच्या मोहात पडू नये. हातचे गेले ते १,२७,०००. आमचे बिल पूर्वी महिन्याला सरासरी २,८०० रुपये येत असे, उन्हाळ्यात त्याहून बरेच अधिक. आता स्थिर आकार आणि इतर किरकोळ रकमा धरून दीडशेच्या आसपास येते. चार वर्षांत पैसे फिटतील.

पहिल्या वर्षात संचाने ४,२८० युनिटे दिली. मार्चमध्ये सर्वाधिक, ४३०. जुलैत सर्वांत कमी, २७०. सोलापूरकरांना एका गोष्टीचे आश्चर्य वाटेल, ती म्हणजे मे महिन्यात मार्चपेक्षा कमी वीज मिळाली. संस्थेच्या पत्रकात ‘कडक ऊन म्हणजे जास्त वीज’ असे छापलेले आहे. ते अर्धेच खरे आहे. पॅनेलची क्षमता मोजतात ती पॅनेलचे तापमान २५ अंश असताना, आणि त्यापुढे दर अंशाला ती साधारण पाव ते एक तृतीयांश टक्क्याने घटते. मे महिन्यात आपल्याकडे हवा ४२-४३ अंशांवर जाते तेव्हा पॅनेलचा पृष्ठभाग सहज ६५ अंशांपर्यंत तापतो, म्हणजे दहा-बारा टक्के वीज उष्णतेतच जाते. आठ फूट उंच सांगाड्याचा इथे आणखी एक फायदा झाला. खालून वारा खेळता राहतो आणि पॅनेल थोडे निवतात. खालच्या खोलीचा स्लॅबही पूर्वीसारखा तापत नाही, हे आम्हां दोघांना रात्री झोपताना जाणवते.

उष्णतेचा विषय निघाला म्हणून झाडावरच्या वटवाघळांकडे पुन्हा येते. ऑस्ट्रेलियातील केर्न्स शहराच्या परिसरात नोव्हेंबर २०१८ मध्ये तापमान ४२ अंशांच्या वर गेले आणि दोन दिवसांत तिथल्या चष्मेवाल्या फळवटवाघळांपैकी २३,००० हून अधिक मरून पडली. त्या जातीच्या ऑस्ट्रेलियातील एकूण संख्येचा तो जवळजवळ एक तृतीयांश होता. ४२ अंश हा आकडा आपल्याला नवीन नाही. आपल्याकडची वटवाघळे अधिक उष्णता सोसणारी असतील, पण सोसण्यालाही मर्यादा असते, आणि २०२४ हे जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा त्या वर्षाचे तापमान सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. ऑस्ट्रेलियाच्याच टोकाला ब्रॅम्बल के नावाचे एक चिमुकले बेट आहे. समुद्राचे पाणी वारंवार चढून तिथली झुडपे गेली आणि त्यांच्याबरोबर तिथे राहणारा एक छोटा उंदीरवर्गीय प्राणीही गेला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो नामशेष झाल्याचे मान्य केले. माणसाने घडवलेल्या हवामानबदलाने नाहीसा झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद होते. प्रवाळांची स्थितीही तशीच आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांच्या विरंजनाची, म्हणजे उष्णतेने रंग उडून पांढरे पडण्याची, चौथी लाट आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

या सगळ्यात माझ्या गच्चीवरच्या सहा पॅनेलचा वाटा किती? देशाच्या वीजजाळ्यात दर युनिटामागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. सोलापूरकरांना त्यासाठी दूर पाहावे लागत नाही. फताटेवाडीचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र शहराजवळच आहे आणि त्याला पाणी लागते ते उजनी धरणाचे. या हिशेबाने आमच्या ४,२८० युनिटांनी वर्षाला सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड वाचवला. पॅनेल बनवतानाही ऊर्जा खर्च होते आणि ती बहुधा कोळशाचीच असते, पण आपल्याकडच्या उन्हात तेवढी ऊर्जा पॅनेल दीड-एक वर्षात परत करते. उरलेली वीसहून अधिक वर्षे ही निव्वळ मिळकत आहे. तीन टन ही फार मोठी रक्कम नाही, हे मला माहीत आहे. मात्र ती खरी आहे आणि मीटरवर वाचता येते.

आता जागेचा प्रश्न, ज्यासाठी मी हा अभिप्राय मुळात लिहायला घेतला. जमिनीवर एक मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. आमच्यासारखी तीनशे-साडेतीनशे घरे मिळून एक मेगावॅट होतो, आणि त्यासाठी एक गुंठाही नवी जमीन लागत नाही. सोलापूर जिल्ह्यात मोकळी जमीन म्हणजे बहुतेक वेळा माळ. महसुली कागदांत माळाला ‘पडीक’ म्हणतात, आणि मला हा शब्द मराठीतला एक अन्यायकारक शब्द वाटतो. पडीक म्हणून ज्या जमिनीकडे पाहिले जाते, तिच्यावर धनगरांच्या मेंढ्या चरतात, काळवीट पाडसे घालते, लांडगा गुहा खोदतो आणि माळढोक आपले एकुलते एक अंडे उघड्या जमिनीवर घालतो. वर्षाला साधारण एकच अंडे, म्हणून एक पक्षी मेला तरी भरून यायला फार काळ लागतो. जंगल तोडायचे म्हटले की लोक रस्त्यावर येतात. माळ सपाट करायचा म्हटला की विकास आला म्हणून नारळ फुटतो.

मोठ्या सौर प्रकल्पांना माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांच्या जवळ लहान लहान प्रकल्प उभारून १६,००० मेगावॅट वीज शेतीला देण्याचे उद्दिष्ट आहे, आणि रात्री दोन वाजता पाण्याची मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्या, विंचूकाट्याची भीती बाळगणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे किती मोलाचे आहे, हे माझ्या माहेरच्या माणसांनी मला सांगायची गरज नाही. परंतु त्यासाठी गायराने आणि शासकीय जमिनी घेतल्या जातात तेव्हा कोणते गायरान कोणाच्या वावराचे आहे, हे पाहून जागा ठरावी. शहरांच्या, शाळांच्या, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर जेवढी वीज निघेल तेवढा माळावरचा भार हलका होईल. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना ती रिकामी, तापलेली पत्र्याची छपरे पाहिली की मला हेच सुचते.

जागेइतकाच तारांचा प्रश्न आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे समोरचे त्याला फार थोडे दिसते, आणि उडताना जमीन न्याहाळायला मान खाली घातली की समोरचे जवळजवळ दिसतच नाही. दहा-पंधरा किलो वजनाचा हा पक्षी तार दिसली तरी ऐनवेळी वळू शकत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी राजस्थानातील थर वाळवंटाच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागात पाहणी करून अंदाज बांधला, की तिथे वीजतारांमुळे वर्षाला ८४,००० च्या आसपास पक्षी मरतात आणि त्यांत माळढोक सुमारे अठरा असावेत. एकूण दीडशेच्या आतील संख्येतून वर्षाला अठरा. वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी माळढोकाच्या अधिवासातील तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पुढे २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने त्या आदेशातील सरसकट भाग मागे घेऊन हे काम तज्ज्ञ समितीकडे सोपवले, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून निघतो, असेही म्हटले. सौर वीज हवी आणि पक्षीही हवा, या दोन्ही मागण्या एकाच निकालात आमनेसामने उभ्या आहेत. गच्चीवरच्या संचात हा तंटा उद्भवत नाही. आमच्या वापरून उरलेली हजारभर युनिटे आमच्याच गल्लीतल्या जुन्या तारांवरून शेजाऱ्यांकडे गेली. त्यासाठी कोणत्याही माळावर नवा मनोरा उभा राहिला नाही.

पवनऊर्जेबाबत तर आपल्या महाराष्ट्रातच अभ्यास झाला आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते, आणि खाणारे कमी झाल्यामुळे गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारे सरडे तिथे बरेच वाढले होते. इतकेच नव्हे, तर त्या सरड्यांचे वागणे आणि शरीरही बदललेले आढळले. म्हणजे पाते पक्ष्याला लागते एवढ्यावर परिणाम थांबत नाही. यावर काही उपाय स्वस्तही असतात : नॉर्वेतील स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांच्या तीनपैकी एकेक पाते काळे रंगवले, तर पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. पात्याला काळा रंग लावण्याइतकी काळजी घ्यायची तयारी असेल, तर पुष्कळ काही वाचू शकते.

पुन्हा आमच्या संस्थेकडे, आणि आता तक्रारींकडे. सांगाड्याचे खांब स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवले, पण एका खांबाभोवतीचे जलरोधक काम नीट झाले नव्हते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मधल्या खोलीच्या छतावर ओल उमटली. मी त्याच दिवशी कळवले. दुरुस्तीला माणूस यायला तीन आठवडे लागले. काम चांगले केले, पैसे घेतले नाहीत, पण ऐन पावसाळ्यात तीन आठवडे हा फार मोठा काळ आहे. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर आहे, हे पहिल्याच दिवशी बिल पाहून लक्षात यायला हवे होते. ते अर्ज भरल्यावर लक्षात आले, नाव बदलण्यात वेळ गेला आणि तयार संच चव्वेचाळीस दिवस नुसता उन्हात उभा राहिला. बिलावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव एकच आहे ना, हे आधी पाहावे.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण ती माहिती देण्याबाबत आहे. ‘आता लाइट गेली तरी चिंता नाही’ असे विक्रीच्या वेळी एका माणसाने आम्हांला सांगितले होते. ते चूक आहे. बॅटरी नसलेला, वीजजाळ्याला जोडलेला संच वीज गेली की स्वतःहून बंद होतो, आणि तो तसा बंद झालाच पाहिजे, नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसेल. एप्रिलच्या भर दुपारी पंखा थांबल्यावर हे आम्हांला कळले. माझ्या जुन्या विद्यार्थ्याने येऊन ते नीट समजावले, पण ते पैसे घेण्यापूर्वी समजावायला हवे होते.

धुण्याच्या पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण सोलापुरात पाणी हाच सौर संचाचा खरा खर्च आहे. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. संस्थेच्या देखभाल करारात महिन्यातून एकदा धुलाई येते, आणि पहिल्या वेळी आलेल्या दोन मुलांनी टाकीला नळी लावून जोराने पाणी मारले. खाली मोजले तर दोनशे लिटरच्या आसपास पाणी वाहून गेले होते. मी ती पद्धत बंद करायला लावली. आता पंधरा दिवसांतून एकदा, सूर्य वर येण्यापूर्वी, आधी मऊ कुंच्याने कोरडी धूळ काढायची आणि मग वीस लिटर पाण्यात पंचा भिजवून पुसायचे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. बोअरचे पाणी वापरले तर क्षारांचे पांढरे डाग बसतात. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत उत्तम. वीजनिर्मितीत या बदलाने काहीही घट झाली नाही. वळवाच्या पावसात दोनदा गाराही पडल्या. एकही पॅनेल तडकले नाही.

पॅनेलखाली काय राहायला येते, याचा विचार मी आधी केला नव्हता. एप्रिलमध्ये सांगाड्याच्या आडव्या पट्टीत चिमणीने गवत आणायला सुरुवात केली. त्याच सुमारास पारव्यांचाही वावर वाढला, आणि पारव्यांची विष्ठा काचेवर पडली की तेवढा भाग वीज देईनासा होतो, म्हणून संस्थेने चारही बाजूंनी जाळी लावण्याचा प्रस्ताव दिला. जाळी लागली असती तर चिमणीची पिल्ले आत अडकली असती. मी थांबायला सांगितले. माझा जुना विद्यार्थी म्हणाला, “पिल्लं उडाली की फोन करा बाई, मग येतो.” तो खरोखर थांबला, आणि जूनमध्ये जाळी लावताना त्याने चिमण्यांपुरत्या दोन फटी सोडल्या, ज्यातून पारवा आत जाऊ शकत नाही. या एका गोष्टीसाठी मी संस्थेला ओल आलेल्या छताचे तीन आठवडे माफ केले.

चतुर या कीटकांच्या प्रश्नाचे मात्र मला अजून उत्तर सापडलेले नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊन पडले, की पिवळसर चतुर थव्याने गच्चीवर येतात, आणि त्यांपैकी काही पॅनेलच्या काचेवर पुन्हा पुन्हा शेपटीचे टोक टेकवताना मी पाहिले. ते अंडी घालत होते. काळ्या, गुळगुळीत पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच पातळीत कंप पावतात, आणि पाण्यात अंडी घालणाऱ्या कीटकांना तो तळ्यासारखा भासतो. युरोपातील संशोधकांनी दाखवले आहे, की पॅनेलवर पांढऱ्या रेषांची जाळी असेल तर ते पुष्कळ कमी फसतात. मी संस्थेला तसे पॅनेल मिळते का, असे विचारले. त्यांनी ते प्रथमच ऐकले. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला मी एक पसरट दगडी कुंडी पाण्याने भरून ठेवली आहे, आणि काही चतुर तिच्याकडे वळलेही.

पॅनेल जुने झाल्यावर त्यांचे काय होणार, या प्रश्नाचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये सौर पॅनेलांचा समावेश आहे आणि उत्पादकांवर हा कचरा साठवण्याची जबाबदारी टाकलेली आहे, पण आमच्या संस्थेला ते ठाऊक नव्हते. काच, अॅल्युमिनियम, थोडी चांदी आणि शिशाचा अंश असलेली वस्तू पंचवीस वर्षांनी भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाणे बरे नव्हे, म्हणून सहाही पॅनेलांचे क्रमांक आणि उत्पादकाची पावती मी घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे. ऐंशी ओलांडल्यावर मला आठवण राहील असे नाही. माझ्या मुलाला दाखवून ठेवले आहे.

गुण द्यायचेच तर सांगाडा, जागेची निवड आणि झाडाबाबतचा समंजसपणा यांसाठी पाचपैकी पाच, कागदपत्रे आणि पावसाळ्यातील तत्परता यांसाठी दोन, आणि विक्रीच्या वेळी दिलेल्या माहितीसाठी दोनच. संच मात्र मी पुन्हा घ्यायचा झाला तरी याच संस्थेकडून घेईन, आणि संक्रांतीच्या सुमारासच घेईन, म्हणजे उन्हाळ्याची बिले वाचतात आणि पावसाआधी छताची परीक्षाही पाण्याची बादली ओतून करता येते.

देखभालीचा वार्षिक करार गेल्या महिन्यात संपला आणि मी तो आणखी एका वर्षासाठी केला. छापील अर्जाच्या खाली मी तीन ओळी हाताने लिहिल्या : एका धुलाईला वीस लिटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये, जाळी किंवा सांगाड्याचे काम मार्च ते जून या काळात घरटे तपासल्याशिवाय करू नये, कडुलिंबाची फांदी मला विचारल्याशिवाय छाटू नये. संस्थेच्या मालकांनी तिन्ही ओळी वाचल्या, दुसऱ्या ओळीत ‘मार्च’ खोडून ‘फेब्रुवारी’ केले, कारण त्यांच्या घरी चिमण्या फेब्रुवारीतच गवत आणू लागतात, आणि खाली सही केली.